तुमची कम्युनिटी दुसऱ्या सर्व्हरला कशी कळते?

समजा, रात्रीच्या आकाशाची आवड असणाऱ्यांसाठी तुम्ही एका छोट्या सर्व्हरवर लेमीची कम्युनिटी उघडली. (लेमी म्हणजे अनेक स्वतंत्र सर्व्हरवर चालणारी, विषयवार चर्चांची सोय; कम्युनिटी म्हणजे त्यातला एका विषयाचा गट.) नाव दिलं, चिन्ह लावलं, नियम लिहिले. कोणी आलं तर रिकामं वाटू नये म्हणून आठ-दहा पोस्टही टाकून ठेवल्या. मग दुसऱ्या सर्व्हरवर खातं असलेल्या मित्राला कळवलं, "ये, बघ." त्यानं तिकडे सर्चमध्ये नाव टाकलं आणि उत्तर आलं: काहीही सापडलं नाही. त्याला वाटलं, आपलं स्पेलिंग चुकलं. तुम्हाला वाटलं, आपली एखादी सेटिंग राहिली. खरं तर दोघांचंही काही चुकलेलं नाही. त्याच्या सर्व्हरला तुमची कम्युनिटी अजून ठाऊकच नाही.

माझं हेच झालं होतं. जवळजवळ तीन आठवडे मी रोज पोस्ट टाकत होते आणि कोणी का येत नाही याचा विचार करत होते. लोकांना विषयात रस नसावा, असं मी मनाशी धरून बसले होते. रस असण्या-नसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण माझ्या सर्व्हरच्या बाहेर ती कम्युनिटी पोचलीच नव्हती. नव्यानं कम्युनिटी सुरू करणारे कितीतरी लोक याच ठिकाणी हिरमुसून सोडून देतात. म्हणून आतली यंत्रणा जरा सविस्तर सांगते.

एकाच कंपनीच्या मालकीच्या सोशल मीडियावर सगळं एका ठिकाणी साठवलेलं असतं. तुम्ही शोधता तेव्हा त्या एकाच साठ्यात शोध होतो, त्यामुळे जे आहे ते सगळ्यांना सारखंच दिसतं. लेमी ज्याचा भाग आहे त्या फेडिव्हर्सची मांडणी वेगळी आहे. इथे हजारो स्वतंत्र सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा साठा त्याचा त्याचा, चालवणारे लोकही वेगळे. हे सर्व्हर एकमेकांशी बोलतात ते ॲक्टिव्हिटीपब नावाच्या नियमांनुसार. डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेनं ते २३ जानेवारी २०१८ रोजी अधिकृत केलं. निरोप कसा पाठवायचा, कोणाच्या इनबॉक्समध्ये टाकायचा, फॉलोची विनंती कशी करायची, ती मान्य झाल्याचं कसं कळवायचं, हे त्यात लिहिलेलं आहे. सगळ्या सर्व्हरवरच्या सगळ्या गोष्टींची एक सामाईक यादी मात्र त्यात नाही. कुणाला कुणाची माहिती कशी मिळावी, हा भाग मोकळाच सोडलेला आहे.

त्यामुळे एका सर्व्हरला दुसऱ्या सर्व्हरवरचं तेवढंच माहीत असतं, जेवढं त्याच्याकडच्या कुणीतरी कधी ना कधी मागवलेलं असतं. पुढचं जवळजवळ सगळं या एका गोष्टीवरून उलगडतं.

आता मित्राकडे परत जाऊ. त्यानं फक्त नाव टाकलं होतं. त्याऐवजी त्यानं पूर्ण पत्ता टाकायला हवा होता. लेमीत कम्युनिटीचा पत्ता उद्गारचिन्हानं सुरू होतो: आधी नाव, मग @, मग सर्व्हरचा डोमेन. समजा तुमचा पत्ता आहे !आकाश@ध्रुव.उदाहरण. (प्रत्यक्षात हे पत्ते बहुधा रोमन अक्षरांत असतात, आणि हा डोमेन मी फक्त समजावण्यापुरता घेतला आहे.) मित्रानं लॉगिन करून हा पत्ता सर्चमध्ये टाकला की पडद्यामागे बरंच काही घडतं.

त्याचा सर्व्हर आधी @ नंतरचा भाग वाचतो. कुणाला विचारायचं ते त्यावरून कळतं. मग तो ध्रुव.उदाहरणला एक ठरलेला प्रश्न विचारतो: "तुमच्याकडे 'आकाश' नावाचं कोणी आहे का? असेल तर त्याची माहिती कुठे मिळेल?" या चौकशीच्या पद्धतीला वेबफिंगर म्हणतात. ती २०१३ पासून मानक आहे, आणि मॅस्टोडॉनपासून (फेडिव्हर्सवरचं, छोट्या पोस्ट टाकायचं सोशल मीडिया) लेमीपर्यंत बहुतेक सगळे तीच वापरतात. उत्तरात एक लिंक येते. त्या लिंकवर कम्युनिटीचं ओळखपत्र असतं: ही व्यक्ती नसून गट आहे, नाव अमुक, वर्णन अमुक, हिचा इनबॉक्स इथे, आउटबॉक्स तिथे, फॉलो करणाऱ्यांची नोंद अमक्या जागी, आणि ही तिची सार्वजनिक किल्ली. किल्ली अशासाठी, की पुढे या कम्युनिटीच्या नावानं येणारा प्रत्येक निरोप खरंच तिच्याच सर्व्हरनं सही करून पाठवलाय का, हे तपासता यावं.

मित्राचा सर्व्हर हे ओळखपत्र आपल्याकडे नोंदवून घेतो आणि आउटबॉक्स उघडून अलीकडच्या काही पोस्टही आणतो. आता कम्युनिटी त्याच्या सर्व्हरवर दिसायला लागते. पण ती कशी दिसते हे एकदा नीट बघा. पोस्टचे मथळे आहेत, पण जुन्या कमेंट नाहीत. तुमच्याकडे चाळीस कमेंट झालेली चर्चा तिकडे शून्य कमेंटची दिसते. मतंही जेमतेम. बाहेरून पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, इथे शुकशुकाट आहे. कितीतरी चांगल्या कम्युनिट्यांना या पहिल्या दर्शनाचा फटका बसतो. यावर एक छोटा उपाय आहे. एखादी जुनी पोस्ट हवी असेल तर तिची तिच्या मूळ सर्व्हरवरची लिंक आपल्या सर्व्हरच्या सर्चमध्ये टाकायची, ती ओढून आणली जाते. जुन्या पोस्टवर कुणी नवी कमेंट केली आणि ती कमेंट मित्राच्या सर्व्हरवर पोचली, तरी तिच्यामागची पोस्ट आणि वरच्या कमेंट त्याला आणाव्याच लागतात. पण सगळा जुना इतिहास आपोआप येत नाही.

आता मित्र सबस्क्राइबवर टिचकी मारतो, आणि खरी गंमत इथून सुरू होते. त्याचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला फॉलोची विनंती पाठवतो आणि तुमचा सर्व्हर मान्यता कळवतो. मान्यता पोचेपर्यंत बटणावर 'पेंडिंग' दिसतं. सर्व्हरवर ताण असेल तर ते बराच वेळ तसंच राहतं, त्यानं घाबरायचं कारण नाही. मान्यता पोचली की पुढे कम्युनिटीत काहीही घडलं, पोस्ट, कमेंट, मत, की तुमचा सर्व्हर दवंडी पिटतो. ॲक्टिव्हिटीपबमध्ये या निरोपाचं नावच 'अनाउन्स' आहे. कुणी तिसऱ्याच सर्व्हरवरून तुमच्या कम्युनिटीत पोस्ट टाकली, तरी ती आधी तुमच्या सर्व्हरकडे येते. तुमचा सर्व्हर ती पुढे घोषित करतो, मगच ती बाकीच्यांना कळते. म्हणजे कम्युनिटीचा आवाज कायम तिच्या घरच्या सर्व्हरमधूनच बाहेर पडतो.

दवंडी पोचते ती सर्व्हरला, एकेका माणसाला नाही. मित्राच्या सर्व्हरवर तुमचा एक सबस्क्रायबर असो की पाचशे, प्रत्येक पोस्टची एकच प्रत तिकडे जाते. ती त्या सर्व्हरच्या साठ्यात पडली की तिथल्या सगळ्यांची होते. 'ऑल' टॅबमध्ये येते. कुणी नुसतं 'आकाश' शोधलं तरी आता सापडते. ज्याला तुमचा पत्ता ठाऊक नाही, तुमच्या सर्व्हरचं नावही ज्यानं ऐकलेलं नाही, त्याच्याही नजरेस पडते. एका माणसानं एकदा पत्ता टाकून टिचकी मारली, आणि त्या सर्व्हरवरच्या सगळ्यांसाठी दार उघडलं. म्हणून कम्युनिटी चालवणाऱ्यानं आपले एकूण सबस्क्रायबर किती हे मोजण्याआधी ते किती वेगवेगळ्या सर्व्हरवर आहेत ते बघावं, असं माझं ठाम मत आहे. एका सर्व्हरवरचे शंभर जण चांगलेच. पण वीस सर्व्हरवरचे वीस जण तुमचं नाव कितीतरी लांब नेतात.

याची दुसरी बाजूही आहे. त्या सर्व्हरवरच्या शेवटच्या सबस्क्रायबरनं काढता पाय घेतला की दवंडी थांबते. आधी पोचलेल्या पोस्ट तिथे तशाच पडून राहतात, नवीन मात्र येत नाहीत. घरी चर्चा रंगलेली असते आणि तिकडच्या पानावर शेवटची पोस्ट कित्येक महिन्यांपूर्वीची दिसते. तिथून बघणाऱ्याला वाटतं, कम्युनिटी बंद पडली. असं पान दिसलं तर लगेच निष्कर्ष काढू नका, मूळ सर्व्हरवर जाऊन बघा.

आकड्यांचंही तसंच. दुसऱ्या सर्व्हरवरच्या कम्युनिटीपुढे दिसणारा सबस्क्रायबरचा आकडा बराच काळ फक्त आपल्या सर्व्हरपुरता असायचा. तीन हजार लोकांची कम्युनिटी नव्या सर्व्हरवरून बघताना 'सबस्क्रायबर ३' अशी दिसायची. आकडा बघून आत शिरायचं की नाही ठरवणारे आपण सगळेच, त्यामुळे हे साधं दाखवणंही महागात पडायचं. लेमीच्या पुढच्या आवृत्त्यांनी स्थानिक आणि एकूण असे दोन आकडे वेगळे दाखवायला सुरुवात केली. मला हा बदल दिसायला छोटा आणि परिणामानं मोठा वाटतो.

या साऱ्याची खरी परीक्षा झाली जून २०२३ मध्ये. रेडिट या चर्चांच्या मोठ्या साइटनं आपल्या एपीआयसाठी, म्हणजे बाहेरच्या ॲप्सना तिथली माहिती वापरू देण्यासाठी, जबर दर जाहीर केले, त्याविरोधात हजारो सबरेडिट (तिथले विषयवार गट) बंद ठेवले गेले, आणि तिथून बाहेर पडलेले पुष्कळ लोक लेमी आणि त्यासारख्याच केबिनकडे (kbin) वळले. लेमी २०१९ पासून तयार होत होतं, पण इतकी गर्दी त्यानं कधी पाहिली नव्हती. नवा माणूस छोट्या सर्व्हरवर खातं उघडायचा, आवडीचा विषय शोधायचा, आणि समोर काहीच नसायचं, कारण त्या सर्व्हरवर त्याच्याआधी कुणी ते मागवलेलंच नव्हतं. त्याच महिन्यात सुरू झालेला लेमी.वर्ल्ड बघता बघता सगळ्यांत मोठा झाला. मोठ्या सर्व्हरवर माणसं जास्त, म्हणून त्यांनी मागवलेल्या कम्युनिट्या जास्त, म्हणून तिथे शोधलं की सापडतं, म्हणून नवे लोकही तिथेच जातात. सत्ता एका जागी साचू नये म्हणून उभी केलेली व्यवस्था शोधण्याच्या सोयीपायी पुन्हा एका जागी साचायला लागते. दोष मोठ्या सर्व्हरचा नाही, तिथले लोक स्वतःचा वेळ खर्चून तो चालवतात. पण छोट्या सर्व्हरवर सापडणं सोपं झालं नाही, तर फेडिव्हर्सचा अर्थच पातळ होतो.

म्हणून लोकांनी आपापल्या परीनं वाटा काढल्या. सगळ्यांत उपयोगी वाट म्हणजे बाहेरची सूची. लेमीव्हर्स हे त्यातलं ठळक नाव. ते एका सर्व्हरला विचारतं, "तुमची कुणाकुणाशी जोडणी आहे?" मिळालेल्या प्रत्येक नावाला पुन्हा तोच प्रश्न, असं करत करत जाळं पालथं घालतं आणि प्रत्येक सर्व्हरवरच्या सार्वजनिक कम्युनिट्यांची यादी गोळा करतं. तुम्ही तिथे आपला घरचा सर्व्हर सांगून ठेवलात की यादीतली लिंक थेट तुमच्या सर्व्हरवर उघडते. नवीन कम्युनिटी काढण्याआधी मी इथे एक चक्कर मारतेच. कम्युनिटीचं नाव फक्त आपापल्या सर्व्हरपुरतं एकमेव असतं, त्यामुळे एकाच नावाच्या दहा कम्युनिट्या दहा सर्व्हरवर सहज असतात, आणि दहाही अर्धपोटी. आधीच एखादी नीट चालली असेल तर तिथे जाऊन बसणं जास्त शहाणपणाचं.

दुसरी वाट बॉटची. लेमी फेडरेट नावाचं साधन हेच करतं: ज्या सर्व्हरचे ॲडमिन त्यात सामील होतात, त्यांच्याकडचं एक बॉट खातं नव्या कम्युनिटीला स्वतः फॉलो करतं, आणि तिथला एखादा खरा माणूस सबस्क्राइब झाला की बाजूला होतं. पहिल्या माणसाची जागा भरून काढायची ही युक्ती आहे आणि छोट्या सर्व्हरला तिचा खूप आधार होतो. पण फुकटात काही नसतं. कुणी न वाचणाऱ्या पोस्टही साठवाव्या लागतात, डिस्क भरत जाते, आणि 'ऑल' टॅबमध्ये इतकं येऊन पडतं की त्यातून निवडणंच अवघड होतं. विषय निवडून बॉट लावणारा ॲडमिन आणि सरसकट लावणारा ॲडमिन यांत मी पहिल्याच्या बाजूची.

तिसरी वाट जुनीच, ओळखीतून ओळख. नव्या कम्युनिट्यांची घोषणा करण्यासाठीच असलेल्या कम्युनिट्या आहेत. लेमी.वर्ल्डवरची न्यूकम्युनिटीज त्यातली बरीच वाचली जाणारी. तिथे घोषणा करताना पत्ता कसा द्यायचा हे जरूर लक्षात ठेवा. ब्राउझरमधली लिंक उचलून चिकटवली तर वाचणारा तुमच्या सर्व्हरवर येऊन पडतो. तिथे त्याचं खातं नसतं, सबस्क्राइबवर टिचकी मारली की लॉगिन करा म्हणतात, आणि तो परत जातो. उद्गारचिन्हाचा पत्ता दिला तर त्याचाच सर्व्हर त्याची लिंक बनवतो, ती त्याच्याच घरात उघडते आणि टिचकीसरशी काम होतं.

पोस्टच्या लिंकचं तर याहून अवघड. एकच पोस्ट, पण प्रत्येक सर्व्हर आपल्याकडे तिला आपला क्रमांक देतो. तुमच्याकडे ती ४१२७ क्रमांकाची असेल, तर मित्राकडे ९०३१५. त्यामुळे तुमच्याकडचा क्रमांक त्याच्या सर्व्हरच्या पत्त्यात घालून बघितला तर भलतीच पोस्ट उघडते. दोन्हींना बांधून ठेवते ती मूळ सर्व्हरवरची कायमची लिंक. पोस्टखाली फेडिव्हर्सचं पंचकोनी रंगीत चिन्ह दिसतं त्यामागे ती असते. दुसऱ्या सर्व्हरवरच्या माणसाला पोस्ट पाठवायची तर तीच द्यावी. ती त्याच्या सर्चमध्ये टाकली की त्याच्याकडची प्रत सापडते.

मॅस्टोडॉनवरचे लोकही तुमच्या कम्युनिटीत येऊ शकतात, हे अनेकांना माहीत नसतं. मॅस्टोडॉन २०१६ मध्ये सुरू झालं आणि ते माणसांभोवती बांधलेलं आहे, गटांभोवती नाही. म्हणून तिथे तुमची कम्युनिटी एखाद्या व्यक्तीसारखी दिसते. उद्गारचिन्हाच्या जागी @ लावून पत्ता शोधायचा, फॉलो करायचं, की कम्युनिटीतल्या पोस्ट त्या 'व्यक्ती'नं बूस्ट केल्यासारख्या, म्हणजे पुढे पाठवल्यासारख्या, टाइमलाइनवर येतात. पोस्टमध्ये तो पत्ता मेन्शन केला की ती कम्युनिटीत जाते. हॅशटॅग तिथे उपयोगी पडतात, पण त्यांनाही तीच मर्यादा: सर्व्हरपर्यंत पोचलेल्या पोस्टच हॅशटॅगखाली दिसतात. ही तूट भरायला काही ॲडमिन रिले लावतात. रिले म्हणजे सामील झालेल्या सगळ्या सर्व्हरच्या सार्वजनिक पोस्ट गोळा करून एकमेकांना पोचवणारा मधला दुवा.

इतकं सगळं करूनही एखाद्या ठिकाणी कम्युनिटी दिसत नसेल, तर दोन गोष्टी तपासा. एक, भाषेची सेटिंग. लेमीत प्रत्येक पोस्टला भाषा लावता येते आणि वाचणारा आपल्याला हव्या त्या भाषा निवडतो. त्यानं 'अनिर्धारित' हा पर्याय काढून टाकला असेल, तर भाषा न लावलेल्या पोस्ट त्याला दिसतच नाहीत. दुसरी, सर्व्हरनं सर्व्हरशी संबंध तोडलेत का. जून २०२३ मध्येच बीहॉ या सर्व्हरनं लेमी.वर्ल्ड आणि आणखी एका मोठ्या सर्व्हरशी जोडणी तोडली होती. इतक्या नव्या गर्दीवर आपल्या हातून देखरेख होणार नाही, हे त्यांचं कारण होतं. मला ते पटलं होतं. त्या दोन बाजूंच्या लोकांना एकमेकांच्या कम्युनिट्यांतलं नवं काही मिळेनासं झालं, ही त्याची किंमत. लेमीच्या बहुतेक सर्व्हरवर जोडलेल्या आणि रोखलेल्या सर्व्हरची यादी उघडी ठेवलेली असते. कम्युनिटी कुठे काढायची हे ठरवण्याआधी ती वाचावी.

सापडणं प्रत्येकाला हवंच असतं असंही नाही. मॅस्टोडॉननं सप्टेंबर २०२३ मध्ये ४.२ आवृत्तीत पोस्टच्या मजकुरात शोधण्याची सोय आणली, तेव्हा ज्यानं स्वतःहून परवानगी दिली त्याच्याच सार्वजनिक पोस्ट इतरांच्या शोधात येतील असं ठेवलं. शब्द शोधून अनोळखी माणसांवर तुटून पडणारे असतात, त्यांच्यापासून हा बचाव. लेमीतही फक्त आपल्याच सर्व्हरपुरती दिसणारी कम्युनिटी करता येते. आजारपणाबद्दल किंवा घरातल्या छळाबद्दल बोलणाऱ्या गटाला सगळीकडे पोचण्यापेक्षा हे दार बंद ठेवता येणं कितीतरी मोलाचं.

आणि एक धोका, ज्याचा विचार सुरुवातीलाच करायला हवा. दवंडी कायम घरच्या सर्व्हरमधूनच निघते, त्यामुळे तो सर्व्हर बंद पडला तर कम्युनिटीचा आवाजच जातो. फेड्डिट.डीई हा जर्मन भाषकांचा मोठा सर्व्हर २०२४ मध्ये असाच कोलमडला. लोकांनी फेड्डिट.ऑर्ग उभारला, पण कम्युनिट्यांचे पत्ते बदलले, आणि नवे पत्ते प्रत्येक सर्व्हरवर पुन्हा पहिल्यापासून शोधून सबस्क्राइब करावे लागले. जुन्या कम्युनिट्यांच्या प्रती इतर सर्व्हरवर उरतात. तिथे कुणी कमेंट केली तर ती त्याच्याच सर्व्हरवरच्या लोकांना दिसते, पलीकडे जात नाही.

माझ्या कम्युनिटीसाठी मी शेवटी काय केलं ते सांगते. आणखी दोघांना मॉडरेटर केलं, आणि मुद्दाम वेगवेगळ्या सर्व्हरवरच्या दोघांना. लेमीत हे चालतं. ते दोघे सबस्क्राइब झाले त्याच दिवशी दोन नव्या सर्व्हरवर प्रत जायला लागली. आठवडाभरात त्यातल्या एका सर्व्हरवरून, मला अजिबात न ओळखणाऱ्या कुणीतरी शनीच्या कड्यांचा स्वतः काढलेला फोटो टाकला. खाली विचारलं होतं, "ही काळी रेघ म्हणजे कॅसिनीची फट का?" तीच होती.